कॅमरी गाडी कोणासही न देण्याबाबत

॥ श्री देव रवळनाथ प्रसन्न ॥

लिहून ठेवणार : श्रीमती अनुपमा विजयकुमार सरमळकर, वय वर्षे सदुसष्ट, शिक्षण जुनी अकरावी मॅट्रिक, व्यवसाय घर सांभाळणे, मूळ राहणार तालुका कुडाळ, जिल्हा सिंधुदुर्ग, हल्ली मुक्काम अल बर्शा, दुबई.

हे मृत्युपत्र मी कोणाच्या सांगण्यावरून, कोणाच्या धाकाने किंवा औषधाच्या गुंगीत लिहीत नाही. साखरेची एक आणि रक्तदाबाची अर्धी, एवढ्याच गोळ्या पोटात जातात. काल काय खाल्लं ते आठवतं आणि चाळीस वर्षांपूर्वी कोण काय बोललं तेही आठवतं. तेव्हा डोकं ठिकाणावर आहे, असं समजावे.

वकिलांच्या ऑफिसात काम करणाऱ्या समिधाने मला एक छापील नमुना दिला. "काकू, एवढा भरा, अरबी भाषांतर करून नोंदवायचं आम्ही बघतो." फी तिने दिरहममध्ये सांगितली, मी मनात रुपये केले आणि पाणी मागितलं. नमुन्यात कोणाला काय द्यायचं याला जागा होती, का द्यायचं याला नव्हती. म्हणून हे मी माझ्या हाताने वेगळं लिहिते आहे. समिधाने यातून कायद्याला लागेल तेवढं उचलावं.

साक्षीदाराने फक्त माझी सही होताना पाहायची असते, मजकूर वाचायची गरज नसते, असं ती म्हणाली. कायद्याला नसेल. माझ्या दोन्ही साक्षीदारांनी हे पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचावं आणि मगच सही करावी. भिकाजी, तू दुसरा साक्षीदार, हे तुलाही आहे. चहा मध्येच मिळेल, पण पानं गाळायची नाहीत.

१. माझा देह. इथेच मृत्यू आला तर इथेच जबल अलीला अग्नी द्यावा. विमानाने पेटी नेण्याचा खर्च करू नये. मेलेल्या माणसाला खिडकीची जागा लागत नाही. अस्थी मुलगा निनाद याने हातातल्या बॅगेतून न्याव्यात आणि आपल्या नदीत सोडाव्यात. दहावं-बारावं साधं. बाराव्याला आलेल्या माणसांना इथल्या डब्यातलं जेवण मागवून घालू नये. डाळ-भात आणि काळ्या वाटाण्याची आमटी सुनेला, संजनाला येते. ती येत नाही म्हणाली तरी येते.

२. देव. देव्हाऱ्यातला टाक, बाळकृष्ण आणि घंटा माझी मुलगी आभा हिला. ती अमेरिकेत न्यू जर्सीला असते. तिच्याकडे पूजा रोज होत नाही, हे मला ठाऊक आहे. रविवारी तरी होईल. देवाला ताटकळण्याची सवय आहे.

३. दागिने. मंगळसूत्र आभाला, पाटल्या सून संजनाला, कुड्या निनादची लेक, माझी नात इरा हिला. पाटल्यांवरून माझ्या जाऊबाई काही बोलतील. सासूबाईंची समई त्यांनी 'दोन दिवसांसाठी' नेली होती, ती परत आली की मग पाटल्यांबद्दल बोलू, एवढंच त्यांना सांगावे.

४. स्वयंपाकघर. पितळी डबे, पुरणयंत्र, शेवयांचा सोऱ्या हे संजनाला. धुऊन वाळवलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या तिने टाकून द्याव्यात, ती गेली अठरा वर्षे त्याची वाट पाहते आहे. सोऱ्या खरं म्हणजे शेजारच्या शहनाझला द्यायचा होता. दापोलीची आहे, माझ्याहून बारीक शेवया पाडते. पण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू नये, असा नियम समिधाने सांगितला. शहनाझला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे एवढ्या वर्षांची शेजारीण, आणि मला चमचासुद्धा नाही?"

"चमचा आजच घेऊन जा."

"मग सोऱ्याच नेते ना वहिनी, मरायची वाट कशाला बघायची?"

नेला. तेव्हा वरच्या यादीतून सोऱ्या वगळावा.

५. हत्यारं. माझे यजमान विजयकुमार हे इथे एका गाड्यांच्या एजन्सीत स्पेअर पार्टच्या काउंटरवर होते. आले तेव्हा केस काळे होते, निवृत्त झाले तेव्हा काउंटरवर पोरांनी त्यांना केक भरवला. त्यांची पान्यांची पेटी, पेचकस, उजेडाची बॅटरी आणि तो जड लांब पाना इरा हिला. ती म्हणाली, "आज्जी, इट्स सो हेवी, व्हॉट विल आय डू विथ इट?" ठेव. घरात एखादं जड हत्यार बाईच्या मालकीचं असावं. तो पाना भिकाजीच्या हाताला जास्त शोभला असता. त्याला का देता येत नाही, ते वर आलंच आहे. गाडी त्याला का देत नाही, ते आता येईल.

६. गाडी. पांढरी टोयोटा कॅमरी, अमेरिकन मॉडेल, काटा मैलाचा. यजमान गेल्यावर मुलकिया, म्हणजे गाडीचा मालकीचा कागद, माझ्या नावावर झाली. इमारतीच्या तळघरात आमच्या नंबरच्या जागेवर उभी आहे.

ही गाडी मी कोणालाही देत नाही. मुलाला नाही, सुनेला नाही, विकत नाही आणि दानही करत नाही. माझ्या आधीच तिचे दिवस भरावेत म्हणून मी भंगारवाल्यांकडे विचारणा सुरू केली आहे. त्याआधी मला बोलावणं आलं, तर आभाने दोन माणसांसमोर ती अख्खी चेपून घ्यावी. इंजिन काढून नको, सीट काढून नको, चाकं काढून नको. मी काटकसरी बाई आहे, टाकाऊ म्हणून काही टाकत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून तर हे मुद्दाम लिहिते.

आता कारण.

ह्यांना देवाखालोखाल टोयोटाचं वेड. आमच्याकडे गणपतीला अल बर्शातली, करामातली, पार अबू धाबीकडच्या मुसफ्फाच्या कामगार-कॅम्पातली मंडळी यायची. आरती झाली, मोदक पानात पडले की हे सुरू व्हायचे. कंपनीच्या घराण्याचा मूळ धंदा हातमागाचा. एक धागा तुटला की माग आपोआप थांबेल, असं यंत्र म्हाताऱ्याने केलं. मुलाने मोटारी काढल्या. सत्तावन-अठ्ठावनच्या सुमाराला पहिली गाडी अमेरिकेला पाठवली, तर तिथल्या लांब रस्त्यांवर ती धापा टाकायची, वेग वाढला की थरथरायची. अमेरिकन माणसं हसली. जपान्यांनी गाडी माघारी घेतली, काही वर्षं घरी बसून सुधारली आणि मग पुन्हा गेले. पुढे त्र्याहत्तरला तेल महागलं, पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या, तेव्हा ज्यांच्याकडे लांबलचक अमेरिकन गाड्या होत्या त्यांनी या छोट्या गाडीकडे वळून पाहिलं. जिने स्वतःचं हसं करून घेतलं होतं, तिच्यावर तिथल्या माणसाने जीव टाकला. "बापाने मुलाला दिली, मुलाने कॉलेजात जाणाऱ्या पोरीला दिली," हे म्हणायचे, "अमेरिकेत टोयोटा विकत नाहीत, वाटणीत देतात!"

मंडळींना पाठ झालं होतं. कोणीतरी कोपऱ्यातून विचारायचं, "विजयदा, अमेरिकेत आता किती वाजले?" हे चिडायचे नाहीत. आभा फोनवरून सांगायची की तिच्या शेजारच्या म्हाताऱ्या बाईंची गाडी अडीच लाख मैल चालली आहे आणि बाई म्हणतात, मी आधी जाईन. ते ऐकून ह्यांचा चेहरा असा व्हायचा, की जणू ती गाडी ह्यांनीच बनवली.

सर्वांत आवडती गोष्ट दोरीची. कारखान्यात गाड्यांची रांग पुढे सरकत असते, वर एक दोरी असते. कोणाही कामगाराला, अगदी कालच लागलेल्याला, काही चुकलेलं दिसलं तर त्याने दोरी ओढायची. वरचा माणूस धावून येतो, आणि नाहीच जमलं तर अख्खी रांग थांबते. अमेरिकेत त्यांनी एका अमेरिकन कंपनीबरोबर कारखाना चालवायला घेतला, तेव्हा तिथल्या कामगारांना आधी खरंच वाटेना. रांग थांबवली तर नोकरी जायची, अशी त्यांची सवय. "दोरी ओढणाऱ्याचे साहेब आभार मानतो," हे बोटाने वर हवेत दाखवत सांगायचे. पुढे दोन हजार दहाच्या आसपास कंपनीलाच अमेरिकेत लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या, मालक तिथल्या संसदेपुढे जाऊन माफी मागून आला. हेही ते लपवायचे नाहीत. "उशिरा का होईना, ओढली दोरी."

मी मोदक वाढता वाढता ऐकायची. मला देवळातल्या घंटेची दोरी दिसायची.

आमचा मुलगा निनाद अल क्वोजला जुन्या गाड्यांच्या एका यार्डात भागीदार आहे. अमेरिकेतल्या लिलावातून गाड्या उचलायच्या, इथे दुरुस्त करायच्या, विकायच्या. तीन वर्षांपूर्वी त्याने ह्यांना ही कॅमरी आणून दिली. ह्यांच्या डोळ्यांत पाणी. जन्मभर काउंटरच्या अलीकडे उभे राहून दुसऱ्यांच्या गाड्यांचे भाग दिले, आता स्वतःची, आणि तीही अमेरिकेत चाललेली. मी हळद-कुंकू वाहिलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. ऊन चढलं की आतून ओल्या गोधडीसारखा वास यायचा. मी वाटीत कापूर ठेवायची. हे म्हणायचे, अमेरिकन सीटचा वास असेल.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात ह्यांनी अल खैल रोडच्या खालच्या सिग्नलला पुढच्या व्हॅनला गाडी ठोकली. बॉनेट दुमडलं. स्टिअरिंगवर छाती आपटली, काळं-निळं झालं, मी आंबेहळदीचा लेप लावला. एअरबॅग उघडली नव्हती. बघायला आलेल्या सगळ्यांना हे सांगत होते, "धक्का तेवढा नव्हताच. टोयोटाला कळतं कधी उघडायचं ते. उगाच उघडत नाही." सगळे हसले.

गाडी दुरुस्त होऊन आली त्या संध्याकाळी हे पेचकस आणि बॅटरी घेऊन तळघरात गेले. बऱ्याच वेळाने वर आले आणि बेसिनशी हात धूत उभे राहिले. हात स्वच्छ होते. मी विचारलं, "काय झालं?" म्हणाले, "काही नाही. ग्रीस."

दुसऱ्या दिवसापासून ते मला म्हणू लागले, "तू मागे बस." मी म्हटलं, हे काय, टॅक्सी झाली का? "मागे ऐसपैस बसता येतं." इराही मागे. पुढची सीट रिकामी, आणि हे उजव्या बाजूच्या, इथे ट्रकांसाठी असलेल्या संथ लेनमधून हळूहळू, मागचे ट्रकवाले हॉर्न देतायत तरी तसेच. मी शहनाझला सांगून हसले होते की ह्यांना म्हातारपणी ड्रायव्हर व्हायची हौस आली. त्या वर्षी गणपतीला मोदक पानात पडले आणि हे गप्प. कोणीतरी नेहमीसारखं विचारलं, "विजयदा, अमेरिकेत किती वाजले?" हे म्हणाले, "झोपले असतील सगळे," आणि आत पाणी आणायला गेले.

पुढच्या श्रावणात ते किडनीच्या दुखण्याने गेले. गाडीशी त्याचा संबंध नाही. हे मी स्पष्ट लिहिते, म्हणजे पुढे कोणी निनादवर नको तो आळ घेऊ नये. जेवढा आहे तेवढा पुरे आहे.

यंदा दसऱ्याला मी गाडी पुसायला तळघरात गेले. पाणी सांडलं की वॉचमन ओरडतो, म्हणून ओलं फडकं. मागच्या सीटच्या पट्ट्याला वास येत होता. मी तो साबणाच्या फडक्याने पुसत पुसत बाहेर ओढत गेले, इतका की एरवी कोणी ओढत नाही. अर्ध्यापर्यंत काळा स्वच्छ पट्टा. त्याच्यापुढे एक सरळ तपकिरी रेघ आणि रेघेपलीकडे वाळलेला गाळ. आमच्या गावी नदी घरात येऊन गेली की भिंतीवर हीच रेघ राहते. चुना लावला तरी पुढच्या वर्षी वर येते. ती ओळखायला मॅट्रिकही व्हावं लागत नाही. दुसरा पट्टा ओढला, त्यालाही रेघ, त्याच उंचीवर.

निनाद रात्रीच्या जेवणाआधी आला तेव्हा त्याला तिथेच खाली बोलावलं.

"ही गाडी पाण्यात होती?"

"कोणी सांगितलं?"

"पट्ट्याने."

तो आधी हसला. "आई, अमेरिकेतून स्वस्तात येते ती गाडी कुठेतरी ठोकलेली नाहीतर भिजलेली असतेच. तिकडे वादळ आलं, इन्शुरन्सवाल्यांनी सोडून दिली, आपण उचलली. इंजिन बघ ना. टोयोटा आहे, मरत नाही ती. लोक नावावर डोळे मिटून घेतात."

"एअरबॅग?"

"तिचं काय?"

"बाबांच्या वेळी उघडली नाही."

"बाबाच म्हणाले ना, धक्का कमी होता."

"मी तुला विचारते आहे."

मग तो गाडीकडे बघत बोलला. पाण्याने तिचं सगळं सर्किट गेलं होतं. नवीन बसवलं तर गाडी परवडत नाही. म्हणून वर्कशॉपवाला काय करतो, तो धोक्याचा लाल दिवा असतो त्याची वायर दुसऱ्या दिव्याला जोडतो. चावी फिरवली की लागतो, मग विझतो. बघणाऱ्याला वाटतं सगळं ठीक.

"आणि आत पिशवी आहे की नाही?"

"कव्हर आहे," निनाद म्हणाला.

"बाबांना माहीत होतं?"

"मी सांगितलं नाही. त्यांनी विचारलं नाही. नंतरही कधी विचारलं नाही आई, आय स्वेअर."

नाही विचारलं. पेचकस घेऊन खाली गेलेला, जन्मभर पार्ट हाताळलेला माणूस कशाला विचारेल? त्यांनी मला मागे बसवलं. मुलाला एक शब्द बोलले नाहीत, जगाला बोलले नाहीत, टोयोटाच्या गोष्टी तेवढ्या बंद केल्या, आणि स्वतः पुढे त्या रिकाम्या कव्हरसमोर बसून वर्षभर गाडी चालवली. मुलाची अब्रू राहावी म्हणून. मला त्यांचा राग येतो. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, म्हणून संध्याकाळी दिवा लावताना देवाकडे तोंड करून रागावते.

७. बाकीच्या गाड्या. निनादने अशा आणखी गाड्या विकल्या आहेत. घेणारे बहुतेक आपलेच, गावाकडचे, मुसफ्फा आणि अल क्वोजला काम करणारे. अमेरिकेत नाव आहे म्हणून घेतल्या, आणि विजयदांच्या घरी तीच गाडी आहे म्हणून घेतल्या. नाव कंपनीचं खरं आहे. गाळ अमेरिकेच्या पुराचा, लबाडी आपली. त्या जपान्याने साधा माग केला तर धागा तुटल्यावर तो थांबेल असा केला, आणि माझ्या मुलाने थांबण्याची खूणच विझवली.

गावचं घर, काजूची बाग आणि पोस्टातल्या ठेवी निनाद आणि आभा यांना निम्मे-निम्मे. परंतु निनादचा हिस्सा त्याला तेव्हाच मिळावा, जेव्हा तो त्या प्रत्येक माणसाला समक्ष भेटून खरं सांगेल, आणि त्याच्या गाडीत खरी एअरबॅग नीट बसवून देईल किंवा गाडी परत घेईल. झालं की नाही ते आभाने प्रत्येकाला फोन करून विचारावे. माझ्या मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारी म्हणून मी तिलाच नेमते. तसं झालं नाही तर तो हिस्सा इराचा. मी हयात असताना त्याने हे केलं तर हे कलम मी स्वतः फाडीन आणि त्याला पुरणपोळी करून घालीन.

निनाद, हे तू वाचशील तेव्हा म्हणशील, आईने माझ्याविरुद्ध लिहिलं. माझा व्हिसा तुझ्या नावावर आहे, माझी औषधं तू आणतोस, रात्री माझ्या खोलीचा एसी तू उठून कमी करतोस. हे सगळं मनात धरूनच लिहिते आहे. तुझ्या वडिलांना दिसलं आणि त्यांनी दोरी ओढली नाही. मला दिसलं आहे.

८. भिकाजी. याला काहीही देण्यात येत नाही.

भिकाजी हा आमच्या वाडीतला. मुसफ्फाला फॅब्रिकेशनच्या कारखान्यात वेल्डर म्हणून आला, आता फोरमन आहे. ह्यांना काका म्हणायचा, मला काकी म्हणतो. खोली मिळाली, फॅमिली व्हिसा झाला, पुढच्या महिन्यात बायको मुक्ताबाई आणि लहान मुलगी येणार. निनादने त्याला ही गाडी कबूल केली. महिनाभर तो फोनवर एकच सांगतो, "काकी, विमानतळावरसून पोरीक तुमच्या गाडीतच बसवन आणतलंय. फुडे बसवतलंय, सगळी दुबई दिसाक व्हयी."

पुढे. त्या कव्हरसमोर.

मी एकदा प्रयत्न केला. म्हटलं, "भिकाजी, दुसरी कुठली बघ रे. ही जुनी झाली."

तो म्हणाला, "काकी, कोणी जास्त देता काय? सांगा, मी वाढवन देतंय."

मला ते लागलं. आणि बोलले असते तर काय? मी विक्रीच्या कागदावर सही दिली नाही, तर निनाद त्याला यार्डातली दुसरी देईल, तिचीच बहीण. खरं सांगितलं, तर पोटच्या पोराला अडकवल्यासारखं. इथे एक तक्रार झाली की यार्डाला कुलूप आणि निनाद आत.

त्यात मुक्ताबाईने गावी रवळनाथाला कौल लावला. कौल उजवा पडला. भिकाजीने व्हिडिओ पाठवला. पुजाऱ्याने गाऱ्हाणं घातलं, "बा देवा महाराजा, ह्या लेकराक टोयोटा गाडी घेऊची आसा, ती लाभात तर उजवो कौल दी रे महाराजा," आणि मागे सगळे, "व्हय महाराजा!" मी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. देवावर माझा विश्वास आहे, म्हणूनच सांगते. देवाला टोयोटाचं विचारलं होतं. देवाने टोयोटाचं उत्तर दिलं, आणि ते बरोबर आहे. अमेरिकेतल्या माणसांनीही तेच उत्तर दिलं असतं. अल बर्शाच्या तळघरात उभ्या असलेल्या या गाडीचं देवाला कोणी विचारलंच नाही. माणसं नावाचा कौल घेतात आणि वस्तूत बसतात.

म्हणून मी समिधाला विचारलं, साक्षीदाराला काही मिळत नाही ना? नाही, म्हणाली. मग भिकाजीला फोन केला, "शुक्रवारी गाडी न्यायला येशील तेव्हा आधी माझ्या मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही कर." तो म्हणाला, "काकी, असला काय बोलतात? तुमी शंभर वर्सां जगतल्यात." पण सहीला होय म्हणाला.

भिकाजी, तू इथवर वाचलं असशील. हे तोंडाने सांगायला माझी जीभ वळली नाही. तू यापुढे काय करावंस, ही अट मी घालू शकत नाही. तुला तक्रार करायची असेल तर तो तुझा हक्क आहे, मी आडवी येणार नाही. निनादची आई म्हणून एवढीच विनंती करते की आधी त्याला समोर बसवून विचार. आणि तुझ्या पोरीला कुठल्याही गाडीत बसवायच्या आधी तिचा पट्टा शेवटपर्यंत ओढून बघ.

९. हे शेवटचं कलम मी आज, साक्षीदार समोर बसलेले असताना लिहिते आहे. मजकूर वाढवते आहे तो माझ्या राजीखुशीने.

भिकाजी सकाळी आला तो गाडीसाठी झेंडूचा हार आणि नारळ घेऊन. हार टेबलावर ठेवला, चष्मा लावला आणि वाचायला बसला. शहनाझने आधी वाचून पदर तोंडाला लावला आहे. भिकाजी बोट ओळीखालून फिरवत हळू वाचतो. सहाव्या कलमाला त्याचं बोट थांबलं, मागे गेलं, पुन्हा तेच वाचू लागलं. चहावर साय आली.

मध्येच त्याचा फोन वाजला. निनादचा होता. भिकाजीने माझ्याकडे पाहिलं आणि फोन घेतला. "हां, निनाद. काकीकडेच आसंय. नाय, अजून चावी घेवक नाय. वाचतंय." पलीकडून काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. भिकाजी म्हणाला, "तू हंयच ये. ये, मगे बोलूया," आणि फोन उलटा करून ठेवला.

शेवटपर्यंत वाचून झाल्यावर त्याने पानं जुळवून ठेवली. मी विचारलं, "रागावलास?" त्याने मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. मग म्हणाला, "काका माका फुडे बसूक देयत नसत. मी म्हणा, एवढो फोरमन झालंय, तरी काका माका मागेच बसवतत."

मला रडू आलं. शहनाझने पाण्याचा पेला पुढे केला.

मग त्याने नारळ उचलला, हातात फिरवला आणि विचारलं, "काकी, ह्यो आता खंय फोडू?"

मी म्हटलं, देवापुढे ठेव, फोडू नकोस. निनाद येतो आहे.

सबब, भिकाजीने आणलेला नारळ हा मृत्युपत्रातून दिलेली वस्तू समजू नये. तो ज्याचा त्याचा आहे. निनाद खरं बोलला तर निनाद, भिकाजी आणि मी अशा तिघांनी मिळून आज इथेच फोडावा आणि त्यातलं अर्धं खोबरं शहनाझला द्यावं. नाही बोलला तर तो तसाच देव्हाऱ्यात राहील, आणि कलम सात जसं लिहिलं आहे तसंच राहील.

दाराची बेल वाजते आहे. आता सही करते.

अनुपमा विजयकुमार सरमळकर

आम्ही खालील दोघांनी वरील मजकूर संपूर्ण वाचला असून, लिहून ठेवणार यांनी आमच्या समक्ष सही केली. आम्हाला यातून काहीही मिळत नाही.

१. शहनाझ मुकादम, अल बर्शा, दुबई. (सोऱ्या आधीच मिळाला आहे.)

२. भिकाजी परब, मुसफ्फा, अबू धाबी. (वाचून सही केली. चावी घेतली नाही.)

ठिकाण : अल बर्शा, दुबई
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार